शुभवर्तमाने इतिहास म्हणून कितपत खरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या नव्या करारातल्या चार शुभवर्तमानांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत रविवार न चुकवणारे ख्रिस्ती आहेत, उत्सुक हिंदू आहेत, कशावरच विश्वास नसलेलेही आहेत. उत्तर सगळ्यांना एकच. 'बायबल खरे की खोटे?' असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, 'कुठले वाक्य?' पुढची बहुतेक उत्तरे त्याच सवयीतून आली आहेत.

१. शुभवर्तमान म्हणजे नेमके काय? चरित्र, इतिहास की पुराण?

मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलियॉन', म्हणजे आनंदाची बातमी. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही चार पुस्तके ग्रीकमध्ये लिहिली गेली. येशू आणि त्याचे शिष्य आपसांत अरामी बोलत. म्हणजे त्याचे जवळपास प्रत्येक वाक्य आपल्यापर्यंत येते ते एकदा भाषांतर होऊनच.

प्रकार कुठला, यावर बराच काळ वाद होता. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात अभ्यासक म्हणत, हा जगावेगळा प्रकार आहे, याला जोड नाही. १९९२ मध्ये रिचर्ड बरिज यांनी ग्रीक-रोमन 'बायोस', म्हणजे थोरामोठ्यांची त्या काळची चरित्रे, शेजारी ठेवून दाखवले की रचना बरीचशी तीच आहे. आज बहुतेकांना ते मान्य आहे. पण बायोस म्हणजे आजचे चरित्र नव्हे. त्यात माणसाचे रूप, बालपण, घरची माणसे यांना जागा नसली तरी चालते. प्रसंगांचा क्रम बदलला, भाषणे लेखकाने आपल्या शब्दांत रचली, तरी कोणी फसवणूक म्हणत नसे.

मराठी वाचकाला बखर आठवावी. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. इतिहासकार ती फेकून देत नाही आणि डोळे मिटून मानतही नाही. बखरींवर राजवाड्यांनी किती कोरडे ओढले हे ठाऊकच आहे, तरी बखरीवाचून कोणाचे चालले नाही. फरक एवढाच की बखर ताडून पाहायला अस्सल पत्रे आहेत, इंग्रज, डच, पोर्तुगीजांचे दप्तर आहे. शुभवर्तमानांच्या बाबतीत ते दप्तर जवळजवळ रिकामे आहे (प्रश्न ९).

२. येशूनंतर किती वर्षांनी ती लिहिली गेली?

येशूला क्रूसावर दिले ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. मार्क सर्वांत आधीचे, साधारण ७० च्या आगेमागे. मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या सुमारास, योहान ९० ते १००. हे बहुमत झाले. लूक दुसऱ्या शतकात ओढणारे अभ्यासक आहेत, पहिली तिन्ही ६० च्या आत आणणारेही आहेत.

७० हा आकडा येतो कुठून? त्या वर्षी रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू त्या विध्वंसाचे भाकीत करतो, आणि तिथला सूर युद्धाचा धूर नाकात गेलेल्या माणसाचा वाटतो. यावर आक्षेप असा की भाकीत करताच येत नाही हे आधीच गृहीत धरले आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मंदिर पडणार असे येशूने आधी म्हटले असणे सहज शक्य आहे, तसे म्हणणारे त्या शतकात इतरही होते. म्हणून आज नुसत्या भाकितावर कोणी विसंबत नाही, सगळा सूर पाहतात.

पण यापेक्षा जुने ख्रिस्ती लेखन आपल्याकडे आहे: येशूच्या पश्चात अनुयायी झालेल्या प्रेषित पौलाची पत्रे, साधारण ५० ते ६० च्या दरम्यानची. त्यात येशूचे चरित्र जवळजवळ नाही. तरी गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की आपण येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हे वाक्य प्रश्न ९ मध्ये पुन्हा लागेल.

३. मत्तय, मार्क, लूक, योहान यांनीच ती लिहिली ना?

पुस्तकांच्या मजकुरात लेखकाचे नाव कुठेही नाही. 'मत्तयानुसार', 'मार्कानुसार' हे मथळे आहेत. नावांबद्दलची सर्वांत जुनी माहिती हिएरापोलिसचा बिशप पापियास याची, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तीही पुढे चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने उतरवून घेतली म्हणून उरली. मार्क हा पेत्राचा दुभाषा होता, त्याने आठवले ते अचूक लिहिले पण क्रमाने नाही, असे तो सांगतो. मत्तयाने इब्री भाषेत लिहिले असेही सांगतो, आणि तिथे गाडी अडते, कारण आपल्या हातातला मत्तय भाषांतरासारखा वाचत नाही, तो ग्रीक मार्कवर बेतलेला आहे (प्रश्न ५). जकातदार मत्तयाला येशूने बोलावले तो प्रसंगसुद्धा या लेखकाने मार्कमधून उचलला आहे, आणि मार्कमध्ये त्या माणसाचे नाव लेवी आहे. स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस कोणी दुसऱ्याच्या वहीतून उतरवेल का?

परंपरेच्या बाजूने मार्टिन हेंगेल यांचा मुद्दा वजनदार आहे. मथळे असलेल्या सगळ्या हस्तलिखितांत नावे तीच आहेत. निनावी पुस्तके साम्राज्यभर फिरून मागाहून नावे चिकटली असती तर कुठे ना कुठे वेगळे नाव सापडले असते. शिवाय मार्क आणि लूक हे बारा शिष्यांतले नव्हेत. नावे कल्पनेनेच द्यायची तर इतकी दुय्यम कोण निवडील?

माझे मत विचाराल तर लूक आणि मार्क ही नावे खरी असू शकतात. मत्तयाचे अवघड आहे. योहानाबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. मधल्या तीस-चाळीस वर्षांत सगळे तोंडीच चालले होते. मग गोष्ट बदलली नसेल कशावरून?

बदलली. किती, हाच वाद.

रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९२१ मध्ये मांडले की आठवणी सुट्या मण्यांसारख्या फिरत होत्या. प्रत्येक मणी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे त्या समुदायाच्या, गरजेप्रमाणे घासला गेला, आणि शुभवर्तमानकारांनी नंतर दोरा ओवला. २००६ मध्ये रिचर्ड बॉकम यांनी उलटे टोक धरले: पाहिलेली माणसे तोवर जिवंत होती, ती गोष्टीवर लक्ष ठेवून होती, आणि शुभवर्तमानांतली काही नावे म्हणजे त्या साक्षीदारांच्या सह्याच आहेत. त्यांचा एक पुरावा मोठा गमतीदार आहे. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या यहुद्यांत शिमोन हे नाव गल्लोगल्ली होते, आणि शुभवर्तमानांतही शिमोनांची गर्दी आहे. म्हणून ओळख सांगावी लागते: शिमोन पेत्र, शिमोन जिलोत, कुष्ठरोगी शिमोन, कुरेनेकर शिमोन. इजिप्तमधल्या यहुद्यांत प्रचलित नावे वेगळी होती. दूरदेशी बसून गोष्ट रचणाऱ्याला हे प्रमाण साधले नसते. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचा यावर आक्षेप आहे की नमुना फार लहान आहे. आणि नावे बरोबर असली म्हणून प्रसंग घडला असे होत नाही (प्रश्न १२).

मला पटते ते असे: बोल टिकतो, प्रसंग सरकतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला मत्तयात शिष्यांना सांगितला आहे, लूकमध्ये कुरकुरणाऱ्या परूश्यांना, म्हणजे काटेकोर नियम पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना. दाखला तोच, श्रोते बदलले, आणि त्याबरोबर अर्थही थोडा हलला. पण बोलसुद्धा शब्दशः टिकतो असे नाही. येशूने शिकवलेली प्रार्थना घ्या. अनुयायांच्या रोजच्या तोंडी असलेला मजकूर, तरी मत्तयात ती लांब आहे आणि लूकमध्ये आखूड. जे रोज म्हटले जाई त्याची ही गत, तर एकदाच ऐकलेल्या भाषणाची काय असेल, याचा अंदाज करावा.

५. तीन शुभवर्तमानांत तेच प्रसंग, कधी तेच शब्द आहेत. म्हणजे तीन साक्षीदार झाले ना?

नाही. एका जबाबावर तिघांच्या सह्या असाव्यात तसा हा प्रकार आहे. मार्कमधला सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयात आहे आणि निम्म्याहून थोडा अधिक लूकमध्ये. नक्कल लेखीच झाली याची खूण मार्क १३:१४ मध्ये सापडते. येशू बोलत असताना मध्येच लेखक म्हणतो, 'वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे.' मत्तयात त्याच जागी तोच शेरा आहे. बोलणारा कोणी 'वाचणाऱ्याने' म्हणत नाही.

मजा पुढे आहे. मत्तय उतरवताना काय बदलतो ते पाहा. मार्क ६:५ म्हणतो की नासरेथात येशूला कोणतेही महत्कृत्य करता आले नाही, थोड्या रोग्यांना तेवढे बरे केले. मत्तय १३:५८ म्हणतो की तिथे त्याने फारशी महत्कृत्ये केली नाहीत. 'करता आले नाही' चे 'केले नाही' झाले. मार्कमध्ये येशू विचारतो, 'मला उत्तम का म्हणतोस?' मत्तयात तेच 'मला उत्तमाविषयी का विचारतोस?' असे होते. खोटे रचण्याची ही तऱ्हा नव्हे, अवघडलेपण झाकणाऱ्या भक्ताची आहे. पण इतिहासकाराला मार्कची खडबडीत ओळ जास्त मोलाची.

मत्तय आणि लूक यांच्यात मार्कमध्ये नसलेली आणखी दोनशेंहून अधिक वचने सामाईक आहेत, बहुतेक येशूचे बोल. ती एका हरवलेल्या संग्रहातून आली असावीत असे १८३८ पासून मानतात. त्याला 'क्यू' म्हणतात, 'क्वेले' म्हणजे 'झरा' या जर्मन शब्दावरून. या संग्रहाचा एक चिटोराही सापडलेला नाही. लूकने थेट मत्तयच वाचला असेल तर क्यूची गरजच उरत नाही, असे ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ मध्ये म्हटले. मार्क गुडेकर तोच धागा आजही ओढत आहेत.

६. योहानाचे शुभवर्तमान इतके वेगळे का?

पहिल्या तिघांत येशू छोटे दाखले सांगतो आणि देवाच्या राज्याबद्दल बोलतो. योहानात तो स्वतःबद्दल लांब भाषणे करतो, आणि ती भाषा निवेदकाच्या भाषेहून वेगळी काढता येत नाही. मंदिरातल्या सराफांना हाकलण्याचा प्रसंग तिघांत शेवटच्या आठवड्यातला, योहानात अगदी सुरुवातीचा. पुस्तकाच्या शेवटी एक अज्ञात 'आम्ही' येऊन सांगतो की हे येशूच्या लाडक्या शिष्याने लिहिले आणि त्याची साक्ष खरी आहे. म्हणजे निदान एक हात आणखी फिरला आहे.

तरी योहानाला भाषणांसाठी बाजूला ठेवणारेच अभ्यासक यरुशलेमच्या भूगोलासाठी त्याच्याकडे परततात. बेथेस्दाचे कुंड त्याच्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि ते उत्खननात सापडले.

७. मूळ प्रत आहे का? नंतर मजकुरात भर घातली असे ऐकतो.

मूळ प्रत एकाही शुभवर्तमानाची नाही. सर्वांत जुना म्हणून दाखवला जातो तो तुकडा मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. तळहाताएवढा पपायरस, त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळी. १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध अशी तारीख पडली. आता जाणकार म्हणतात की नुसत्या अक्षराच्या वळणावरून इतकी नेमकी तारीख काढता येत नाही. पुऱ्या प्रती चौथ्या शतकापासून मिळतात. ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांवर आहेत आणि पाठभेद लाखांच्या घरात. आकडा ऐकून घाबरू नये, बहुसंख्य भेद शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत. प्रती जितक्या जास्त तितके भेद जास्त, आणि चुका पकडण्याची सोयही जास्त.

मोठी भर म्हणावी अशा जागा दोन. एक, मार्कचा शेवट (१६:९-२०). चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन्ही प्रतींत तो नाही. तिथे पुस्तक संपते ते रिकामी कबर पाहून बायका भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, यावर. दुसरी, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११), 'तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा' ती. जुन्या प्रतींत ती नाही आणि काही प्रतींत ती चक्क लूकमध्ये आढळते. बहुधा सुटी फिरणारी जुनी आठवण कोणीतरी इथे बसवली. येशूची म्हणून सर्वांत लाडकी असलेली गोष्ट मूळ पुस्तकात नसावी, हे सांगताना माझाही आवाज दर वेळी थोडा खाली येतो.

पाठचिकित्सा आपल्याला नवी नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पद्धतीने झाली ती आणि नव्या कराराच्या संपादकांची पद्धत एकाच युरोपीय घराण्यातली. सुकथनकर ती बर्लिनमध्ये शिकून आले होते.

शुद्ध पाठ मिळाला म्हणजे लेखकाने काय लिहिले ते कळले. त्याने लिहिले ते घडले का, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

८. पहिल्या शतकातली मार्कची प्रत सापडली असे वाचले होते, त्याचे काय झाले?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात तशी घोषणा झाली. २०१८ मध्ये तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा तो दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात इतका जुना ठरला. घोषणा करणाऱ्या डॅनियल वॉलेस यांनी माफी मागितली. जुना मजकूर अजून फॉरवर्ड होत असतो.

९. येशू खरोखर होऊन गेला का? ख्रिस्ती नसलेल्या कोणी लिहिले आहे का?

होऊन गेला. या विषयातल्या अभ्यासकांत, नास्तिक धरून, यावर जवळपास एकमत आहे. 'येशू ही निव्वळ कल्पना' म्हणणारे रिचर्ड कॅरियर यांच्यासारखे थोडे आहेत. त्यांना सर्वांत जड जाते ते प्रश्न २ मधले पौलाचे वाक्य. कल्पनेला भाऊ नसतो. हा 'भाऊ' धर्मबंधू या अर्थी आहे असे ते म्हणतात, पण त्याच वाक्यातल्या पेत्राला पौल तसे म्हणत नाही.

बाहेरचे म्हणाल तर यहुदी इतिहासकार जोसेफस, साधारण ९३-९४ चा. तो दोनदा उल्लेख करतो. एकदा ओझरता: प्रमुख याजक अनानस याने 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' याला ठार करवले. दुसरा उतारा लांब आहे आणि त्यात जोसेफस येशूला सरळ ख्रिस्त, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहत तो तारणारा राजा (मसीहा), म्हणतो. जन्मभर यहुदी राहिलेला माणूस असे लिहिणार नाही, म्हणजे पुढच्या ख्रिस्ती नकलकाराचा हात लागला. बहुतेक अभ्यासकांच्या मते गाभा जोसेफसचा, कलाबूत नंतरची. काही जण पूर्ण उतारा बनावट मानतात.

रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण ११६ मध्ये लिहितो की सम्राट तिबेरियसच्या राज्यात यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. त्याला ही माहिती सरकारी दप्तरातून मिळाली की ख्रिस्ती लोकांच्या तोंडून, हे ठरवता येत नाही. बाहेरच्या साक्षीतून येशूचे चरित्र उभे राहत नाही. तो होता, अनुयायी होते, पिलाताने मारले. एवढेच.

१०. बेथलेहेमची जन्मकथा खरी का?

चारही शुभवर्तमानांत इतिहास म्हणून सर्वांत कच्चा भाग हाच. मार्क आणि योहानात ती नाहीच. मत्तय म्हणतो की हेरोद राजा असताना जन्म झाला. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूकही हेरोदापासूनच सुरुवात करतो, आणि पुढे म्हणतो की क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी (शिरगणती) झाली म्हणून मरियेचा पती योसेफ बेथलेहेमास गेला. ती नावनिशी जोसेफस सांगतो: इ.स. ६ ची. मधे सुमारे दहा वर्षे गेली.

सांधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार असेल, म्हणावे तर हेरोदाच्या अखेरच्या वर्षांतले सूरियाचे सुभेदार आपल्याला ठाऊक आहेत, सॅटर्नायनस आणि वारस. 'पहिली नावनिशी' चा अर्थ 'क्विरीनियाच्या आधीची' असा लावावा, तर ग्रीक वाक्य बरेच पिळावे लागते. इजिप्तमधला १०४ सालचा एक हुकूम पुढे केला जातो, नावनिशीसाठी आपापल्या घरी परता, असा. पण ते लोकांचे चालू घर होते. हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी जाण्याचा हुकूम रोमने काढल्याचा दाखला नाही.

बहुतेकांचा निष्कर्ष असा की येशू नासरेथकर म्हणून प्रसिद्ध होता, आणि मसीहा दावीद राजाच्या गावचा, म्हणजे बेथलेहेमचा, हवा म्हणून दोघांनी त्याला दोन वेगळ्या वाटांनी बेथलेहेमास नेले. दोघांनी स्वतंत्रपणे तेच गाव सांगावे यात जुनी आठवण असेल, असे म्हणणारेही आहेत.

११. इतक्या विसंगती असतील तर सगळेच टाकून का देऊ नये?

मग न्यायालयातल्या निम्म्या साक्षी टाकाव्या लागतील. विसंगती आहे का, यापेक्षा ती कुठल्या जातीची आहे हे पाहावे.

कबरीवर किती बायका गेल्या, देवदूत एक की दोन, ही साधी जात. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला (मत्तय) की तो पडून त्याचे पोट फुटले (प्रेषितांची कृत्ये), हे दोन तऱ्हेने फिरलेल्या लोकवार्तेचे उदाहरण. तिसरी जात महत्त्वाची, जिथे लेखकाचा हेतू दिसतो. मार्कप्रमाणे येशू शिष्यांबरोबर वल्हांडणाचे (यहुद्यांच्या मोठ्या सणाचे) भोजन करतो आणि दुसऱ्या दिवशी क्रूसावर जातो. योहानात तो भोजनाच्या आधीच मरतो, वल्हांडणाची कोकरे कापली जात त्या दुपारी. ज्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्याला 'देवाचा कोकरा' म्हटले आहे, तिथे हा योगायोग वाटत नाही. पण गंमत अशी की सणाच्या दिवशीच खटला आणि शिक्षा होणे अवघड, म्हणून तारखेपुरता योहानच बरोबर असावा असे मानणारे पुष्कळ आहेत. वार दोघांतही शुक्रवारच.

चारही कथा जोडून एक करायची हौस जुनी आहे. साधारण १७० मध्ये ततियान या ख्रिस्ती लेखकाने तसे पुस्तक केले आणि सिरियातल्या मंडळ्या ते पाचव्या शतकापर्यंत वाचत होत्या. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणात हेच ओवीत केले. १६१६ मध्ये ते गोव्यात रायतूरला छापले गेले. काव्य म्हणून ते रसाळ आहे. इतिहासकाराला मात्र सांधे झाकलेले नको असतात.

१२. उत्खननांनी शुभवर्तमाने सिद्ध केली ना?

उत्खननाने मंच सिद्ध होतो, नाटक नव्हे. १९६१ मध्ये कैसरियात पिलाताचे नाव कोरलेला दगड निघाला. त्यात त्याचा हुद्दा 'प्रीफेक्ट' आहे, म्हणजे टॅसिटसने दिलेला 'प्रॉक्युरेटर' चुकला. १९९० मध्ये यरुशलेमजवळ, येशूच्या खटल्याच्या वेळी प्रमुख याजक असलेल्या कयफाचे नाव असलेली अस्थिपेटी मिळाली. १९६८ मध्ये टाचेच्या हाडात खिळा अडकलेला एक सांगाडा सापडला, योहानान नावाच्या माणसाचा. क्रूसावर मेलेल्यालाही कधीकधी रीतसर कबर मिळे, हे त्यावरून कळले.

'याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ' अशी अक्षरे असलेली पेटी २००२ मध्ये गाजली. बनावटीचा खटला वर्षानुवर्षे चालला आणि २०१२ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटला. पण पेटी कुठून निघाली याची नोंदच नाही, म्हणून जाणते लोक तिच्यावर काही उभारत नाहीत.

सावधगिरीचा धडा भारतातूनच घ्यावा. तिसऱ्या शतकातल्या 'थोमाची कृत्ये' या ग्रंथात प्रेषित थोमा भारतात गुंदाफर राजाच्या दरबारी जातो. हा राजा काल्पनिक मानत. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंदोफरीसची नाणी निघाली. राजा खरा निघाला, पण म्हणून त्या ग्रंथातली बोलणारी गाढवे खरी ठरली नाहीत.

१३. येशूचे कुठले बोल खरे, हे अभ्यासक ठरवतात तरी कसे?

काही कसोट्या होत्या. एकमेकांवर न विसंबणाऱ्या अनेक ठिकाणी आले तर खरे असण्याचा संभव जास्त. मंडळीला अडचणीचे असूनही ठेवले तर आणखी जास्त. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून (शुभवर्तमानवाला योहान वेगळा) येशूचा बाप्तिस्मा हे ठरलेले उदाहरण: पापक्षमेचा बाप्तिस्मा निष्पापाने का घ्यावा? म्हणून मत्तयात योहान आधी नकार देतो, आणि चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचे दृश्यच गाळले आहे.

१९८५ मध्ये रॉबर्ट फंक यांनी 'जीझस सेमिनार' भरवले. सभासद प्रत्येक वचनावर रंगीत मणी टाकून मत देत: लाल म्हणजे नक्की येशूचे, मग गुलाबी, करडा, काळा. १९९३ मध्ये निकाल छापला. लाल-गुलाबी मिळून सुमारे अठरा टक्के. सबंध मार्कमध्ये लाल एकच, 'कैसराचे ते कैसराला' हे. वर्तमानपत्रांना मणी फार आवडले. अभ्यासकांना कमी, कारण मतांची सरासरी काढून मिळतो तो मताधिक्याचा आकडा, भूतकाळ नव्हे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कसोट्यांवरचाच विश्वास उडत चालला आहे. मंडळीला काय अडचणीचे वाटे हे आपल्याला कसे कळणार? म्हणून अनेक जण आता सुट्या वचनांऐवजी मोठ्या आकृतीपासून सुरुवात करतात. ई. पी. सँडर्स यांनी १९८५ मध्येच ती वाट धरली होती: येशूचा बाप्तिस्मा योहानाकडून झाला, तो गालीलात उपदेश करी आणि रोगी बरे करी, त्याने बारा जण निवडले, मंदिरावरून वाद ओढवला, रोमने त्याला क्रूसावर दिले, आणि अनुयायी पांगून संपले नाहीत. यावर फारसे कोणी भांडत नाही.

१४. चमत्कार आणि पुनरुत्थान? इथे इतिहासकार काय म्हणतो?

'येशूने आंधळ्याला दृष्टी दिली' आणि 'लोक त्याला रोग बरे करणारा मानत' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुसरे इतिहासाच्या आवाक्यातले आहे आणि जवळजवळ निश्चित आहे. मार्कमधले विरोधकसुद्धा 'हा काही करत नाही' असे म्हणत नाहीत, 'हा भुतांच्या अधिपतीच्या बळावर करतो' असे म्हणतात.

पुनरुत्थानाचेही तसेच. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:३-८) पौल कोणाकोणाला दर्शन झाले याची यादी देतो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असे म्हणतो. म्हणजे शिष्यांना तसा काही अनुभव आला ही समजूत फार जुनी आहे, नंतरची भर नव्हे. तो अनुभव कशाचा, यावर फाटा फुटतो. एन. टी. राइट म्हणतात की रिकामी कबर आणि दर्शने यांचा सर्वांत सरळ खुलासा खरेच उठणे हाच. बार्ट अरमन म्हणतात की चमत्कार हा सर्वांत असंभव खुलासा असतो, म्हणून इतिहासकार त्यापर्यंत पोचूच शकत नाही. दोघांसमोर पाने तीच आहेत. जगात काय घडू शकते याबद्दलची धारणा मात्र दोघेही घरून घेऊन आले आहेत.

१५. अभ्यासक एक तर श्रद्धाळू नाही तर धर्मद्वेष्टे. विश्वास कोणावर ठेवायचा?

हॅम्बुर्गचे रायमारुस यांनी आपले टीकालेखन मरेपर्यंत कपाटात ठेवले. लेसिंगने ते १७७४ पासून, त्यांचे नाव न सांगता छापले. डेव्हिड स्ट्राउस यांचे पुस्तक १८३५ मध्ये आले आणि नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिचने त्यांना प्राध्यापक नेमले, तेव्हा इतका क्षोभ झाला की एक तासही न शिकवता त्यांना पेन्शन द्यावी लागली, आणि त्याच वर्षी तिथले सरकारही पडले. म्हणजे किंमत मोजलेली माणसे आहेत. उलट बाजूने जॉर्ज टिरेल या कॅथलिक लेखकाने १९०९ मध्ये उदारमतवादी अभ्यासकांना टोला मारला की विहिरीत वाकून पाहताना त्यांना तळाशी आपलाच चेहरा दिसला. टोला आजही लागू पडतो, आणि दोन्ही बाजूंना.

चर्चही पूर्वीच्या जागी नाही. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने १९६४ मध्ये मान्य केले की येशू, मग प्रेषितांची शिकवण, मग लेखकांची निवड आणि मांडणी, अशा तीन पायऱ्यांतून शुभवर्तमाने आली. विश्वास माणसावर ठेवू नका, त्याने कोणता पुरावा पुढे केला ते पाहा. जिथे गेझा वेर्मेश हे यहुदी अभ्यासक आणि जॉन मायर हे कॅथलिक धर्मगुरू सहमत होतात, तिथे जमीन बऱ्यापैकी घट्ट आहे.

१६. चर्चने इतर शुभवर्तमाने दडपली, निकाएच्या परिषदेत चार ठरवली, हे खरे का?

३२५ च्या निकाए परिषदेत हा विषय नव्हताच. ल्योंचा बिशप इरेनेयस साधारण १८० मध्येच चार हीच संख्या धरून बसला होता. दिशा चार, वारे चार, म्हणून शुभवर्तमाने चार, असे त्याचे कारण. कारण विनोदी आहे, पण साक्ष पक्की.

बाकीची होती, आणि नंतर त्यांना विरोधही झाला. १९४५ मध्ये इजिप्तच्या नाग हमादी इथे सापडलेले थोमाचे शुभवर्तमान (११४ वचने, कथानक नाही) हे एकच इतिहासाच्या वादात खरे उतरते. त्यातली काही वचने जुनी असू शकतात. २००६ मध्ये गाजलेले यहूदाचे शुभवर्तमान दुसऱ्या शतकातल्या पंथांबद्दल पुष्कळ सांगते, येशूबद्दल काहीच नाही.

१७. बारा ते तीस या वयात येशू भारतात होता का? ख्रिस्त म्हणजे कृष्णच का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. निकोलस नोटोव्हिच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये पुस्तक काढले: लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाची पोथी मिळाली म्हणे. मॅक्सम्युलर यांनी त्याच वर्षी शंका घेतली. पुढच्या वर्षी आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला जाऊन आले. मठाच्या प्रमुख लामांनी अशी पोथी नाही, असा पाहुणाही आठवत नाही, असे सांगितले. श्रीनगरची रोझाबल कबर येशूची असल्याचा दावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिर्झा गुलाम अहमद यांनी केला. मराठीत बाबाराव सावरकरांच्या १९४६ च्या 'ख्रिस्तपरिचय'ने येशूला तमिळ हिंदू ठरवले. यांतल्या कुठल्याही दाव्यामागे त्या काळाच्या जवळपासचे साधन नाही.

'ख्रिस्त' हा ग्रीक 'ख्रिस्तॉस', अर्थ 'अभिषिक्त'. इब्री 'मशीअख'चे ते भाषांतर. कृष्णाशी नाते फक्त कानाला वाटते. आणि त्या वर्षांचे मौन हे गूढ नाही, बायोसात बालपण गाळले तरी चालते (प्रश्न १). मार्क ६:३ मध्ये गावकरी म्हणतात, 'हा तो सुतार ना?' अठरा वर्षे परदेशी राहून आलेल्याबद्दल शेजारी असे बोलत नाहीत.

१८. स्वतः तपासून पाहायचे तर सुरुवात कुठून करू?

मार्क एका बैठकीत वाचा, सोळाच अध्याय आहेत. १६:८ वर थांबा. मग मत्तय उघडा, दोन्ही शेजारी ठेवा आणि मत्तयाने काय गाळले, काय घातले, काय गुळगुळीत केले तिथे पेन्सिलने खूण करा. पंडिता रमाबाईंचे भाषांतर घ्या किंवा बायबल सोसायटीचे, पण दोन्ही पुस्तकांसाठी एकच घ्या, नाहीतर भाषांतरकारांचे फरक शुभवर्तमानकारांच्या नावावर जमा होतील.